‘सर्वानुमते’ न लिहिणारा कार्यवाह

‘सर्व’ हा शब्द कानावर पडला की कोणभाऊंची लेखणी थांबत असे. आमच्या तालुक्याच्या युवक परिषदेचे ते कार्यवाह. सभेत कोणी उठून ‘‘बठ्ठा पोरे म्हनतस’’ असे म्हणाला, की ते चष्म्यावरून त्याच्याकडे पाहत आणि विचारीत, ‘‘बठ्ठा म्हणजे कोण? नावं सांग.’’ नावे सांगता आली नाहीत, तर त्या बठ्ठ्यांना इतिवृत्तात जागा मिळत नसे. त्यावरूनच त्यांना ‘कोणभाऊ’ हे नाव पडले. तरुणांचे प्रतिनिधी म्हणून फलकांवर हात जोडून हसणारी प्रौढ तोंडे मी आज पाहतो आणि माझे मस्तक फिरते. यांना निवडले कोणी, हे विचारणारा माणूस आता नाही.

एरवी ते केळीच्या वॅगन भरणाऱ्या सोसायटीत कारकून होते. रविवारी सकाळी परिषदेच्या पत्र्याच्या वाचनालयात सभा भरे. मी तेव्हा धुळ्याला कायदा शिकत होतो. सुटीला गावी आलो की सहकार्यवाह म्हणून त्यांच्या शेजारी बसत असे. विरोधकाचे म्हणणे ते स्वतःच्या बाजूपेक्षा अधिक सावकाश लिहीत. ‘‘आपलं राहिलं तर आपण आठवण करून देऊ. त्याचं राहिलं तर तो म्हणेल, मुद्दाम गाळलं. आणि खरंच म्हणेल.’’ वर्गात इतके नेमके मला कोणी शिकवले नाही.

परिषदेचे नियम त्यांनीच बांधले होते. त्यांतला एक असा: वयाची तीस वर्षे पूर्ण होताच सभासदत्व संपेल, आणि वय शाळेच्या दाखल्यावरून धरले जाईल. आमच्याकडचे दाखले कसे तयार होत ते माहीत असणाऱ्यांना येथेच धोका दिसेल. बाप पोराला शाळेत घेऊन येई, मास्तर पोराच्या तोंडाकडे पाहून वर्ष ठरवीत आणि त्याच्या आधी ‘एक जून’ लिहून टाकीत. गावातली निम्मी पोरे एकाच दिवशी जन्मलेली!

या नियमात पहिला सापडला सुकदेव, आमचा हुतूतूचा खंदा गडी. तो तावातावाने म्हणाला, ‘‘ती तारीख मास्तरनी लिखेल शे, भाऊ! मन्ही माय म्हनस, मी पोयाले जल्मनू.’’

‘‘पोळ्याला जन्मलास, हे माय खरंच सांगत असेल,’’ कोणभाऊ म्हणाले. ‘‘पण यादी मायला विचारून करायला लागलो, तर उद्या आपले अध्यक्षही पंचविशीचे निघतील.’’

सभा हसली. अध्यक्ष हसले नाहीत. ते बेचाळीस वर्षांचे ‘युवक’ होते. नगरपालिकेने नेमलेले असल्यामुळे त्यांना वयाची अट नव्हती. सुकदेवचे नाव मात्र कमी झाले.

पुढच्याच वर्षी अध्यक्षांच्या मेहुण्याला कापसाच्या गोदामासाठी आमचे मैदान हवेसे झाले. ते मैदान आणि त्यावरचे वाचनालय नगरपालिकेने तरुणांच्या उपयोगासाठी दिलेले होते. परिषदेने ठराव केल्याशिवाय ते परत घेता येत नव्हते. आणि ठरावाला एक जरी विरोध नोंदला गेला, तरी प्रकरण जिल्ह्याला सुनावणीसाठी जाणार होते. एकवीस सभासदांपैकी बारा विरोधात होते. आम्ही निर्धास्त होतो.

अध्यक्षांनी सभा बोलावली दोन जूनला. सूचना सात दिवस आधी, नियमानुसार, शिक्क्यासह. त्या बारांपैकी पाच जण एका वर्गात शिकलेले, एका मास्तरांनी एका झटक्यात जन्माला घातलेले. आदल्याच दिवशी ते पाचही तीस वर्षांचे झाले होते. त्यांतले एक कोणभाऊ.

मी त्यांना दारात अडवले. ‘‘भाऊ, हरकत घ्या. तुमची आई हयात आहे. आत्ता प्रतिज्ञापत्र करून आणतो.’’

‘‘सुकदेवची आई वारली होती का?’’ ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले. उरलेले चौघेही त्यांच्या मागोमाग गेले. मला त्यांचा इतका राग आला होता, की मी त्यांना हाकसुद्धा मारली नाही.

नऊ हात वर झाले, विरोधात सात. त्यांत माझा एक. मग अध्यक्षांनी इतिवृत्ताची वही माझ्यापुढे सरकवली. ‘‘लिहा वकीलसाहेब, सर्वानुमते मंजूर.’’

‘‘सात जण विरोधात होते.’’

‘‘सात नावं लिहून सात पोरांना गावाशी वैर कशाला लावता? सर्वानुमते बरं दिसतं. आमच्या साडूंकडे उमेदवारी करायची आहे ना तुम्हाला?’’

त्यांचे साडू म्हणजे जळगावचे नावाजलेले वकील. मी ‘सर्वानुमते’ लिहिले. खाली सही केली. उरलेल्या सहा जणांना ते कळले तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीतून ठराव मंजूर होऊन आला होता आणि मैदानात पाया खणला जात होता.

सभेनंतरच्या रविवारी कोणभाऊ वाचनालयाची किल्ली द्यायला आले. वही उघडीच होती. त्यांनी उभ्याउभ्या वाचले, एकदा पान उलटून मागे पाहिले, पुन्हा वाचले. मी म्हणालो, ‘‘भाऊ, मी...’’ ते म्हणाले, ‘‘अक्षर चांगलं आहे तुमचं.’’ तोवर ते मला ‘तू’ म्हणत असत. त्याच वर्षी ते बदली मागून पाचोऱ्याकडे गेले. पुन्हा आमची भेट झाली नाही.

त्या अध्यक्षांना मी कधीच क्षमा करणार नाही. तरुणांच्या नावाने तरुणांनाच लुटणाऱ्या त्यांच्या आजच्या वारसांनाही नाही. साडूंची उमेदवारी मी केली नाही, पण त्याने काहीही फिटले नाही. वकिली सोडल्यावरही मी दरसाल जिल्ह्याच्या त्या कचेरीला रजिस्टर पत्र पाठवतो: सदर ठराव सर्वानुमते झालेला नव्हता, विरोधकांची सात नावे सोबत जोडली आहेत, नोंद दुरुस्त करावी. उत्तर येते, आणि दरवेळी एकच येते: ठरावावर खुद्द अर्जदाराची सही असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.

कायद्याने ते उत्तर बिनचूक आहे.