मंदार ग्रेडरचा दोन मिनिटांचा परिचय

आर्णीचा मंदार हरकरे छत्तीस वर्षांचा झाला तरी बिनलग्नाचा होता, आणि दोष त्याचाच होता, असं त्याच्या मोठ्या बहिणीचं, प्राचीताईचं, स्पष्ट मत होतं. ताई चुकत नव्हती. दोन वधू-वर परिचय मेळाव्यांत हा स्टेजवर गेला, खरं बोलला आणि जेवून घरी आला. दोन हजार तीनच्या मे महिन्यात यवतमाळला तिसरा मेळावा ठरला, तेव्हा ताईनं सांगून टाकलं, "हा शेवटचा. यानंतर मी कोणाच्या पाया पडणार नाही."

आता खरं काय होतं ते ऐका. मंदार कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होता, तोही हंगामी. दिवाळीनंतर चार-पाच महिने काम. कापूस संपला की नोकरी संपली. गाडी आली की बाकीचे ग्रेडर वरचाच मूठभर कापूस उचलत. हा खांद्यापर्यंत हात खुपसून तळातला काढायचा, चिमटीत धरून धागा ओढून बघायचा आणि मग दर्जा सांगायचा. भाव पडलेले ते दिवस, जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, तेही चांगल्या कारणासाठी नाही. केंद्रावर गाड्यांची चार-चार दिवसांची रांग, आणि हा बाबा तळ चाचपत बसलेला. लोक त्याला काय काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

छंद विचाराल तर एका जाड वहीत त्यानं गावोगावच्या कापसाचे पुंजके डिंकानं चिकटवले होते. खाली गाव आणि तारीख. रिकाम्या उन्हाळ्यात तो दुपारभर वहीची पानं उलटायचा, आणि लांब धाग्याचा पुंजका आला की त्याला खरोखर भरून यायचं. शिवाय घरी एक कोंबडी. कोणाच्या तरी गाडीत कापसात दडून ती केंद्रावर आली, मालक काही फिरकला नाही, आणि ज्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा शिरत नाही त्या घरात ती तीन वर्षं ओसरीवर नांदत होती. अंडं म्हणाल तर एकही दिलं नाही.

"हंगामी म्हणू नको," ताईनं बजावलं. "कोंबडीचं नाव काढू नको. छंद वाचन आन् प्रवास. समजलं?"

"मी वाचतो कुठं, ताई?"

"पेपर घेतो ना?"

"तो कोंबडीखाली अंथरतो."

ताईनं कपाळाला हात लावला.

मेळाव्याच्या हॉलमध्ये चार कूलर होते, त्यातला एक चालू. मंदारचा नंबर आला. "मी मंदार हरकरे. राहणार आर्णी. ग्रेडर आहे. छंद वाचन," एवढं तो म्हणाला आणि अडला. मग एका दमात सगळं बाहेर पडलं. "वाचन नाही. कापसाचे पुंजके जमवतो. नोकरी हंगामी आहे, पुढच्या साली केंद्र राहील का नाही, माहीत नाही. घरी कोंबडी आहे." तिसऱ्या रांगेत ताईनं तोंडावर पदर घेतला.

पाचव्या रांगेतून एक गृहस्थ उठले. महागावचे नरहरराव सरमुकद्दम, निवृत्त मास्तर, घरची आठ एकर शेती. शेजारी त्यांची मुलगी सुचित्रा बसलेली.

"तुमीच का ते? औंदा महागावच्या केंद्रावर माह्या कापसाचा दर्जा तुमीच उतरवला. पांढराशुभ्र कापूस होता. सांगा सगळ्यांसमोर, काय खोट होती त्यात?"

शहाण्यानं "चूक झाली असेल, काका" म्हणून वेळ मारून नेली असती. भर हॉलमध्ये मुलीच्या बापाची लाज काढणाऱ्याला कोण मुलगी देतो? हे मंदारलाही कळत होतं. त्याला लग्न करायचं होतं हो. संध्याकाळी घरी कोणीतरी बोलणारं असावं, यासाठी तो फार तरसला होता. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला.

"वरचा कापूस चांगलाच होता, काका. खालचा थर ओला होता."

हॉलमध्ये खसखस पिकली. नरहरराव खाली बसले. मंदार स्टेजवरून उतरला, तेव्हा ताई फक्त "झालं" म्हणाली.

पुढचा नंबर सुचित्राचा. एकतीस वर्षांची, बी.ए., बालवाडीत शिकवते. छंदाला वेळ मिळत नाही, असं तिनं सांगितलं. सूत्रसंचालक बाईंनी नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, "मुलाकडून काय अपेक्षा?"

सुचित्रानं आधी वडिलांकडे पाहिलं.

"गाडी भरताना त्या कापसावर पाणी मी मारलं होतं. वजन वाढते म्हणून बाबा म्हणाले, आन् मी मारलं. अपेक्षा एवढीच, का त्या घरात मले असं काही करा लागू नये."

या वेळी कोणी हसलं नाही. बाईंनी घाईनं जेवणाची सूचना केली आणि माणसं पत्रावळींकडे धावली. नरहरराव मात्र जागेवरच होते, मान खाली घालून. ताई बाही ओढत असतानाही मंदार त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"काका, बसू का?"



"पोरगी खरं बोलली," नरहरराव म्हणाले.

"हो."

"चाळीस वर्षं मी वर्गात तेच शिकवलं."

नरहररावांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि खुर्ची मोकळी केली.