आस्ब्योर्गच्या हाताखालचा मेंढा

आस्ब्योर्गचा हात मेंढ्याच्या पाठीवरून फिरला, की त्याचं नशीब ठरलं म्हणून समजा. आइसलँडच्या त्या अख्ख्या उत्तर किनाऱ्यावर तिच्यासारखी चाचपणारी बाई नव्हती. डोळे मिटायची, लोकरीत बोटं खुपसायची, कंबर दाबायची आणि मेंढ्याचा आजा कोण तेसुद्धा सांगायची. "वजन बापाचं, लोकर आईची," हे तिचं ठाम मत. खोड इतकी जडलेली, की पाद्रीबाबांनी मिठी मारली तरी हिची बोटं त्यांच्या बरगड्या मोजायची.

पोटच्या पोराची मात्र तिला लाज वाटे. हाफ्लिदी काडीपैलवान, त्यात तिशीतच टक्कल. "वजन नाही, लोकर नाही! मेल्या, आमच्याकडून तू घेतलंस तरी काय?" ती भर जेवणात विचारायची. तो निमूटपणे उकडलेला मासा गिळायचा. त्याला फक्त ते कुरण आणि त्या मेंढ्या हव्या होत्या.

यंदा तर तिने जाहीरच केलं, "मेंढ्यांच्या स्पर्धेच्या दिवशी माझा मेंढा दोल्गुर पहिला आला, की रक्ताचं माझं म्हणणं खरं ठरलं. मग शेत केटिलला. हरला, तर दोल्गुर कसायाकडे आणि शेत तुला." केटिल तिच्या बहिणीचा मुलगा, चांगला धष्टपुष्ट आणि केसाळ.

मेंढ्या डोंगरावरून उतरल्या आणि तो दिवस उजाडला. गोठ्यात सगळ्यांनी चार मेंढे चाचपले; शेवटचा शब्द अर्थात आस्ब्योर्गचा. दोल्गुरच्या कमरेवर हात पडताच ती ओरडली, "हाच! हुबेहूब बाप!"

"मावशी, मग शेत...?" केटिलने घाईने विचारलं.

तेवढ्यात दोल्गुर सुटला, हाफ्लिदीला आडवा पाडून त्याच्या कोटाच्या खिशात तोंड खुपसून बसला. खिशातून साखर भुरभुरलेली धिरडी बाहेर आली. लोक हसून हसून लोळले.

"कधीपासून चारतोयस?" आस्ब्योर्गने दरडावलं.

"कोकरू होता तेव्हापासून. मरतुकडा होता गं. तू म्हणालीस, असलं ठेवून करायचंय काय, कापून टाकू."

"अरे गाढवा, यंदा उपाशी ठेवला असतास तर शेत तुझं होतं!"

"आणि हा?"

आस्ब्योर्ग खाली बसली, डोळे मिटले आणि पोराच्या हाडकुळ्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा रागही येत होता.

"केटिल, तू घरी जा बाबा," ती म्हणाली. "हा मेंढा बापावर नाही गेला. माझ्या पोरावर गेलाय."