मास्तर पळाले तेव्हा

मुलांना रानात नेणाऱ्या शिक्षकांसाठी त्या काळी सेमाडोहला हिवाळी शिबिर भरायचं. शिकवायला अकोल्याचे एक ड्रिलमास्तर असत. बोलताना ते काठीनं मातीत रेघा ओढत आणि प्रत्येक वाक्यानंतर "समजलं काय?" विचारत, उत्तरासाठी मात्र थांबत नसत.

"जनावर दिसलं त त्याच्या अन् लेकरायच्या मधात आपण उभं राहाचं. समजलं काय?"

त्यांच्या सहीशिवाय प्रमाणपत्र मिळत नसे, आणि भित्र्या माणसाला ते सही देत नसत.

मी शिकायला गेले त्या वर्षी, शेवटच्या दिवशी, अमरावतीहून आलेल्या मुलांना घेऊन आम्ही शिक्षक मास्तरांबरोबर नाल्याकाठी गेलो. अचानक जाळीतून अस्वल उठलं आणि मास्तर पळाले. काठी टाकून, मुलांना ढकलून, सगळ्यांच्या आधी. मी जागीच थिजले. अस्वलाकडे नाही, त्यांच्या पाठीकडेच बघत राहिले. अस्वल फुरफुरलं आणि नाल्यात उतरून गेलं. कुणाला इजा झाली नाही.

थोड्या वेळानं ते परत आले. त्यांनी मुलांना समोर बसवलं.

"मी तुमाले सोडून पयालो," ते म्हणाले. "हे घरी सांगा. लपवू नका."

हा मला दुसरा धक्का होता. संध्याकाळी त्यांनी आमच्या प्रमाणपत्रांवर सही केली नाही.

"माह्या सहीले आता काय अर्थ हाय, बाई? दुसरा मानूस बोलवा."

पुन्हा ते शिबिराला आले नाहीत. अकोल्याच्या बाजारात कधी भेटले, की खालच्या मानेनं एवढंच विचारत, "लेकरं बरी हायेत ना?"