म्हैसुरात नापास झालेली निळी नदी

मी चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची पुस्तकं करते. छापायला देण्याआधी प्रत्येक पुस्तक अशा मुलांना दाखवते, जी मला ओळखत नाहीत. ओळखीची मुलं लबाड असतात, खाऊ मिळणार म्हणून टाळ्या वाजवतात. यंदाचं पुस्तक नदीचं होतं. गावाने कचरा टाकून टाकून काळी केलेली नदी एक मुलगी सगळ्यांना कामाला लावून स्वच्छ करते, आणि शेवटच्या पानावर ती नदी अशी निळीशार वाहते की बघत राहावं! दोन वर्षं खपले होते त्यावर. म्हैसूरला शालूमावशीकडे चार दिवस राहायचं, तिथल्या मुलांना पुस्तक दाखवायचं आणि परत आले की थेट छापखाना, असा बेत ठरला. "मुलांना नाही समजलं तर?" नवऱ्याने विचारलं. "समजेल," मी म्हटलं आणि बॅगेची चेन ओढली.

पुण्याहून म्हैसूरला थेट गाडी रोज नसते, तेव्हा वार बघून निघा. नाहीच जमलं तर बंगळुरूपर्यंत जा, तिथून गाड्या आणि बस हव्या तेवढ्या. जेवण घरून न्या. हुबळीच्या पुढे डब्यात जे काही विकायला येतं त्याबद्दल मी चांगलं बोलू शकत नाही. म्हैसूर स्टेशनवर उतरलात की मात्र आधी फिल्टर कॉफी घ्या, रिक्षावाल्याशी घासाघीस नंतर करा.

मावशी राहते सरस्वतीपुरममध्ये. शांत गल्ल्या, सकाळी फिरायला निघालेले पेन्शनर, घराघरापुढे स्कूटर. लग्न करून ती इथल्या जुन्या मराठी रंगाऱ्यांच्या घरात आली. काकांचे वडील साड्या रंगवायचे. आता रंगकाम राहिलं नाही, काका बँकेतून निवृत्त झाले. मी पोचले तेव्हा मावशी मागच्या अंगणात नवी सुती साडी धूत होती. शेवटचं पाणी तिने एका पांढऱ्या चिंधीवर ओतलं, चिंधी निरखली आणि मगच बादली जास्वंदीला रिकामी केली. "हे काय गं?" "सुम्ने बघते. ह्या घरची रीत आहे," ती म्हणाली. "चल, डोसा खा. स्वल्प लोणी जास्त घालू, अल्वा?" (सुम्ने म्हणजे उगीच, अल्वा म्हणजे हो ना. मावशीच्या मराठीत आता कानडी मिसळलीय.) डोशापुढे चिंधी विसरले.

दर रविवारी सकाळी मावशीच्या हॉलमध्ये आसपासच्या मराठी घरांतली मुलं गोष्ट ऐकायला जमतात. घरातही आता कानडी, शाळेत इंग्रजी, मग मराठी कानावर पडावी कधी, म्हणून तिनेच हे सुरू केलंय. सगळ्यांत पुढे बसली होती तिची सहा वर्षांची नात तनू, माझ्या मावसभावाची मुलगी. मी पुस्तक उघडलं. काळी नदी बघून मुलांनी नाकं दाबली. झाडू, टोपल्या, कामाला लागलेलं गाव बघून ती हसली. मी मनात म्हटलं, झालं काम! मग ऐटीत शेवटचं पान उलटलं. निळीशार नदी.

कोणी टाळी वाजवली नाही. तनूने पानाजवळ तोंड नेलं. "हे नदी अजून गलीज आहे. अल्वा अज्जा?"

अज्जा म्हणजे आजोबा, आमचे काका. ते कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

"गलीज कुठे? बघ, किती छान निळी झालीय," मी म्हटलं.

"निळी आहे ना, म्हणून. आधी कचरा टाकले. आता रंग टाकले." आणि मागून दोन-तीन पोरांनी माना डोलावल्या. रंगाऱ्यांच्याच घरांतली पोरं तीही!

मग काकांना बोलावंच लागलं. त्यांच्या लहानपणी रंगाची भांडी धुतली की घरामागचं गटार निळंशार वाहायचं. त्यात पाय घालायचा नाही, गाईला ते पाणी दाखवायचं नाही, झाडाला घालायचं नाही. धुण्याचं पाणी पांढऱ्या चिंधीवर ओतायचं. चिंधीला रंग लागला नाही, तरच ते पाणी चांगलं. ह्या घरात मूल चालायला लागलं की हे शिकतं. "तुझं चित्र सुंदर आहे हो," काका अगदी समजुतीने म्हणाले, "पण आमच्या घरात असलं पाणी बघितलं की आम्ही पोरांना मागे ओढतो."

मला राग आला. दोन वर्षांचं काम सहा वर्षांच्या पोरीने एका वाक्यात निकालात काढलं! दुपारभर मी मावशीशी भांडले. सगळीकडची मुलं नदी निळीच काढतात, रंगाऱ्यांची घरं अशी असतात किती? मावशी शेंगा सोलत होती. "तू निळी नदी कुठे बघितलीस गं?" तिने विचारलं. मुठा आठवली, कृष्णा आठवली, पंचगंगा आठवली. निळी एकही नव्हती. मुलं निळी काढतात, कारण पुस्तकवाल्यांनी काढून दिली. म्हणजे मीच. छापखाना माझी वाट बघत होता आणि माझ्याकडे शेवटचं पान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैलकुप्प्याचे तिबेटी मठ बघायचे ठरले होते. ते रद्द केले. (तुम्ही मात्र जा, अख्खा दिवस हाताशी ठेवा.) त्याऐवजी मावशी, काका, तनू आणि मी असे आम्ही चौघं कृष्णराजनगरला निघालो, कावेरी बघायला. सबर्बन बसस्टँडवरून बस सतत असतात, तासाभराहून जरा जास्त लागतं. मावशीने आधारकार्ड दाखवलं, कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी बस फुकट. मला तिकीट. "नवरा इकडचा केला असतास तर तुझंही तिकीट फाडावं लागलं नसतं," मावशी म्हणाली आणि कंडक्टरला ते कानडीत ऐकवून त्यालाही हसवलं. दोन्ही बाजूंना नुकती लावणी झालेली भातं होती. खिडकी मिळवा, उजवी-डावी कुठलीही चालेल.

श्रावणातली कावेरी भरून चालली होती, दूध घातलेल्या चहाच्या रंगाची. काकांनी तनूचा हात घट्ट धरला. तिने माझा पांढरा रुमाल मागितला, पाण्यात बुडवला आणि बाहेर काढला. रुमाल मातकट.

"बघ," मी म्हटलं, "ही पण घाणच."

"थांब गं आत्या!" तिने रुमाल खडकावर पसरला. आम्ही चित्रान्न खाल्लं, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, वर भाजलेले शेंगदाणे. मावशीच्या हातचा असेल तर दुसरं काही नको. तोवर रुमाल वाळला. तनूने तो झटकला, हाताने चोळला आणि माझ्यापुढे धरला. बारीक माती उडून गेली होती. "माती जाते. रंग नाही जात," ती म्हणाली आणि अज्जाचा हात धरून सरळ पाण्यात पाय घालून बसली. मीही बसले. पाणी गार होतं आणि मला फार बरं वाटलं.

उरलेले दोन दिवस मावशीचं जेवणाचं टेबल माझं झालं. राजवाडा बाहेरूनच बघितला, म्हैसूरपाक घरी बसून खाल्ला. शेवटचं पान नव्याने रंगवलं. नदी मातकट, आणि पुस्तकातली मुलगी काठावर पांढरा रुमाल झटकतेय. एक सांगते, ह्या पानाइतकी खात्री मला आधीच्या निळ्या पानाची कधीच नव्हती. फक्त तनूला दाखवलं नाही. छापलेलंच दाखवायचं होतं.

पुण्यात आल्यावर छापखान्यातून फोन आला. "ताई, नदीचा रंग बिघडलाय बहुतेक. चहासारखी आलीय. निळी करून टाकू का?"

"हात लावू नका," मी म्हटलं. "नमुन्याचं पान तेवढं पाठवा."

ते पान तसंच मावशीच्या फोनवर पाठवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. तनूने फोन अगदी नाकाजवळ नेला. मग तिने मान वर केली.

"आत्या, हिच्यात पाय घालू शकते मी."