बारा वर्षांची कच्ची काशी

मागच्या वेळी सांगितलं होतं, तोरणमाळला जाताना स्वेटर घ्या. विसरलात ना? कुडकुडत आलात, वर मलाच फोन. म्हणून या खेपेला सोपं ठिकाण सांगते, प्रकाशा. नंदुरबारहून शहाद्याच्या रस्त्याला लागायचं, तापीचा पूल ओलांडला की आलंच. मी सांगतेय, नात पूर्वा टिपतेय. शब्द गळले तर तिला धरा.

आमच्याकडे काशीहून आणलेलं गंगाजल प्रकाशाच्या केदारेश्वराला वाहिल्याशिवाय काशी पुरी होत नाही. बारा वर्षांपूर्वी मी आणि माझी नणंद वेणूबाई काशीला गेलो, तोंडाला कथलाचा डाग देऊन बंद केलेले गंगाजलाचे दोन गडू आणले. माझा देवघरातच राहिला. प्रकाशा कुठे पळून जातंय, म्हणत बारा वर्षं गेली. वेणूबाई तिथून जवळच, शहाद्याला. दर लग्नात चारचौघींत म्हणणार, "वहिनी, तुन्ही काशी आजून कच्ची शे." शेवटी पैज लावली. रविवारी देवळात ये, डोळ्यांनी बघ, आणि वर्षाचे बिबडे तुझ्याकडून. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड.

गडू लाल फडक्यात बांधून मांडीवर घेतला. प्रत्येक गतिरोधकाला मुलगा दिलीप माझी बोलणी खात होता. अर्ध्या रस्त्यात टपरीवर चहा, भजी घेतली. भजी चुकवू नका. मी दोन प्लेटा खाल्ल्या.

घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, जपून उतरा. श्रावणी सोमवारी जाल तर चपलांची आशा सोडा. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. वेणूबाई नंदीपाशी चष्मा पुसून तयारच बसली होती.

तेवढ्यात पूर्वा म्हणाली, "आजी, गडू?"

टपरीच्या बाकड्यावर. भज्यांशेजारी.

दिलीप किल्ली घेऊन धावला. मी मान खाली घालून वेणूबाईच्या हसण्याची वाट पाहत राहिले. ती हसली नाही. दिलीपला थांबवलं, पिशवीत हात घातला आणि गडू काढला. तसाच. डागसुद्धा न फुटलेला.

"मन्ही बी कच्चीच शे, वहिनी."

घरापासून हाकेवर देव, आणि बारा वर्षं! एकटीने यायची तिला लाज वाटत होती म्हणे. मला डिवचत राहिली की कधीतरी मी निघेन, आणि माझ्या आडून तीही. पुजाऱ्याने डाग फोडला, एकाच गडूला आम्ही दोघींनी हात लावला आणि इतकं हसलो की पाणी निम्मं पिंडीवर, निम्मं पुजाऱ्याच्या सोवळ्यावर. त्याने मंत्र थांबवून आमच्याकडे पाहिलं. मग तोही हसला.

परतताना टपरीवर थांबलो. चहावाल्याने माझा गडू देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला होता, वर झेंडूचं फूल.

आता तो भरलेला गडू परत देवघरात आहे. घरचे म्हणतात, वाहून टाकू तापीत. मी हात लावू देत नाही. पुन्हा दोघींनी जायला निमित्त नको का?

वेणूबाई, पैज बरोबरीत सुटली म्हणतेस, ते चालायचं नाही. बिबडे पाठव. लसणाचे, पातळ, आणि डबा खालपर्यंत भरून. मागच्या वेळी तळाला वर्तमानपत्र निघालं होतं.