कापसाच्या गाठींचा गेम

आमच्या घरात भुताखेतांचं नाव काढायची सोय नव्हती. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या. कोणी चकव्याची, अंगात आल्याची गोष्ट सुरू केली की बाबा सरळ विचारायचे, "पायलं का तू सोताच्या डोयानं? नाही ना? मंग चूप बस." मीही त्यांचाच मुलगा. या सदरातले अनुभव वाचून मी कैकदा हसलोय, राग मानू नका. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय याचं सगळ्यात जास्त नवल मलाच आहे.

आम्ही मूळचे अकोल्याचे. डाबकी रोडला घर. बाबा एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कारकून होते. तिथल्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा एक जुनं डबडं ते घरी घेऊन आले - पोरांनी काही शिकावं म्हणून. आम्ही शिकलो काय, तर त्यात आधीपासून असलेला एक गेम! काळा स्क्रीन, निळ्या कडेच्या पांढऱ्या चौकोनी कापसाच्या गाठी आणि डोक्यावरून बारदानाची खोळ घेतलेला एक बुटका हमाल. हमालानं गाठी ढकलत ढकलत खुणेच्या जागांवर न्यायच्या. गाठ ढकलता येते, ओढता येत नाही. कोपऱ्यात गेली की मेली. हा शब्द माझ्या धाकट्या बहिणीचा... सुजाताचा. घरात सुजू.

बटणं मी दाबायची आणि डोकं सुजूनं चालवायचं, अशी आमची वाटणी. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून हुकूम सोडायची, "दादा, खाली. अजून एक. थांब ना बे!" दादाला 'बे' म्हणते म्हणून आईच्या शिव्याही खायची. नियम एकच होता - दोघं असल्याशिवाय पुढची लेवल उघडायची नाही. भांडण झालं, अबोला धरला, तरी हा नियम कोणी मोडला नाही.

एका लेवलला मात्र आम्ही पुरते अडकलो. गोदामाच्या दारातच एक खुणेची जागा, तिच्याजवळच एक गाठ. ती आधी बसवून टाकायची आणि मग आतल्या गाठींशी झटापट... दर वेळी शेवटची गाठ कोपऱ्यात जाऊन मरायची. शाळेतून आलो की तेच. जेवताना ताटात भाताचे ढीग करून तेच.

त्यातच सुजूला ताप आला. आधी साधा वाटला, मग मान धरली. आई-बाबा तिला ऑटोनं दवाखान्यात घेऊन निघाले, मला घर राखायला ठेवलं. बाबांनी तिला उचललं होतं. दारातून जाताना त्यांच्या खांद्यावरून ती मला म्हणाली, "दादा, मले समजलं ते, आपून कुठं चुकून रायलो. आल्यावर सांगते. तोवर हात लावू नोको."

मेंदूज्वर होता. सुजू परत आली नाही.

कॉम्प्युटर बाबांनी कोणाला तरी देऊन टाकला. आईनं त्यानंतर सुजूचं नाव घेतलं नाही. रडतानासुद्धा नाही. फोटो पुसायची, पण नाव नाही. आम्हीही मग घेईनासे झालो.

पुढं मी नोकरीनिमित्त अमरावतीला आलो, साईनगरला घर केलं. बाबा गेले, आईला इकडे आणलं. काचबिंदूनं तिची नजर हळूहळू गेली. आता उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. आणि मला मात्र दर काही महिन्यांनी त्या गेमचा झटका यायचा. मला तो खेळायचा नव्हता हो. सुजूला काय समजलं होतं, तेवढंच पाहिजे होतं. ती शेवटची गोष्ट माझ्यासाठी राखून गेली होती आणि ती मला मिळालीच नव्हती.

जुन्या गेमच्या ग्रुपवर मी वर्षानुवर्षं विचारत राहिलो. कापसाच्या गाठी, हमाल, बारदान, प्रेसचं गोदाम... लोक कुठले कुठले ट्रक-क्रेनचे गेम पाठवायचे. एकानं तर, असा गेम कोणी बनवेल तरी कशाला, असं विचारलं. बरोबरच होतं त्याचं.

यंदाच्या उन्हाळ्यात एका रविवारी पेपरच्या कडेला मी निळ्या पेननं तो हमाल आणि त्याची चकाकती गाठ काढत बसलो होतो. बायको मागून डोकावली.

"हे काय हो?"

"कापसाची गाठ."

"निळ्या कडेची? चकाकणारी? काही सांगता! अहो, हा बर्फ दिसून रायला मले. आन् ह्या बुटक्यानं बारदान कायले घेतलं? लोकरीची टोपी हाये ती."

मी पेन खाली ठेवलं. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीतली अकोल्याची पोरं आम्ही! बर्फ पाहिला होता तो गोळ्यावाल्याकडचा, तोही लाल. पांढरं आणि चौकोनी म्हणजे गाठ, ढकलणारा म्हणजे हमाल. बापाच्या कारखान्यापलीकडे जग कुठं होतं? कॉम्प्युटरवर 'बर्फ' टाकून शोधलं आणि चहा गार व्हायच्या आत गेम समोर. तोच बुटका. मी पोट धरून हसलो... आणि मग मला हुंदका आवरेना. कारण हे ऐकून जी सगळ्यात जास्त हसली असती, तिलाच सांगता येत नव्हतं.

दुपारी जेवण झाल्यावर एकेक लेवल करत त्या लेवलपर्यंत पोचलो. कूलर घरघरत होता. आई माझ्या मागे भिंतीला टेकून लसूण सोलत होती, चाचपून चाचपून. बायको स्वयंपाकघरात. दारातली गाठ बसवली, आत गेलो, अडकलो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. इतक्या वर्षांनी, या वयातही तीच चूक! मी कपाळाला हात लावून बसलो.

"दादा, दारातली काढ."

मागून आवाज आला. आवाज आईचाच होता. पण आई मला आयुष्यभर विजू म्हणत आली आहे.

"बसली म्हणून तिले धरून नोको बसू. भायेर काढ. आतल्या जाऊ दे पयले, मंग तिले आन."

मी वळलो नाही. खरं सांगतो, वळायची हिंमतच झाली नाही. मी बटण दाबलं.

"खाली. अजून एक. थांब ना बे! आता डावीकडं."

ज्या बाईला खिडकी कुठं आहे ते कळत नाही, ती माझ्या प्रत्येक चालीबरोबर बोलत होती. गाठी एकामागून एक जागेवर जात होत्या. शेवटी दारातली आली आणि बसली. स्क्रीन चमकला.

"झालं?"

"हाव," मी म्हणालो.

"मंग येते मी."

वळून पाहिलं तर आई लसणाची पाकळी सोलत होती. दारात बायको उभी, चेहरा पांढराफटक. "आई, तुमी यांना दादा काहून म्हणून रायल्या?"

"मी कुठं काय बोलली?" आई म्हणाली. "डोया लागला होता वाटते."

तुम्ही म्हणाल, सुजूनं दवाखान्यात आईला सांगितलं असेल आणि ते कुठंतरी मनात राहिलं असेल. मीही तेच म्हटलं. आईजवळ जाऊन बसलो, तिचे लसणाचे हात हातात घेतले आणि विचारलं. तिनं माझी बोटं घट्ट धरली.

"ऑटोत बसल्यावर तिनं डोये नाही उघडले, विजू. एक शब्द नाही बोलली माही सुजू."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा आईच्या तोंडून ते नाव आलं. मग आम्ही दोघं रडलो. सुजूच्या वेण्या, तिचं 'बे', तिनं फोडलेली बरणी, सगळं निघालं. बायकोनं संध्याकाळचा चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

बाबा असते तर मला खोदून खोदून विचारलं असतं. नजर नसलेल्या आईला स्क्रीन कसा दिसला, मला माहीत नाही. आल्यावर सांगते, असं सुजू म्हणाली होती, सांगून गेली.

गेम अजून कॉम्प्युटरवर आहे. पुढची लेवल उघडायला फक्त एक बटण दाबायचं आहे. रोज दुपारी आई मागे बसते, मी कॉम्प्युटर लावतो आणि थोडा वेळ थांबतो. बटण दाबलेलं नाही. दोघं असल्याशिवाय उघडायची नाही, असं आमचं ठरलं आहे.