फळी सर आणि चुकांची पंगत

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. त्याबद्दल माफी असावी. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. चार माणसं समोर दिसली की माझे शब्द घशात राहतात, म्हणून फळी सरांचं सगळं या वहीत लिहून ठेवते. वहीसमोर लाज वाटत नाही.

सर गोलकडे पाठ करून उभे राहत. मागे पोरी एकामागून एक चेंडू मारत. हॉकीच्या गोलात खाली लाकडी फळी असते, चेंडू तिच्यावर बसला की खाट्कन आवाज होतो. सर डोळे मिटून तो आवाज ऐकत आणि मागे न बघता सांगत, "शेवंता. मनगट ढिलं." पुन्हा खाट्. "ही नवीन पोरगी. घाईत मारला." पुन्हा खाट्. "हा चांगला होता. कोण गं ती? आज जेवून आलेली दिसते!" एकदासुद्धा माणूस ओळखायला चुकत नसत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली कळशी खाली ठेवायचं भान मला राहिलं नाही. पोरींनीच त्यांना फळी सर नाव ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

साक्रीच्या अलीकडे आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. मी तिथे स्वयंपाक करते. माझी पूनम तिथेच शिकते आणि संघात गोलकीपर आहे. सर रेल्वेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आले, आवारातल्या एका खोलीत एकटेच राहत. अंगाने काटक, एक गुडघा दुखरा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा मिळाला की दुसरं काही मागत नसत. फोन जुना, बटणांचा. "याच्यात आवाज येतो तेवढा पुरे," म्हणायचे.

सरांनी एक रीत घालून दिली होती. रात्रीच्या जेवणाला सगळे गोल बसायचे आणि ज्याला दुसऱ्याची चूक सांगायची आहे त्याने आधी उठून त्याचं ताट वाढायचं. भाकरी, भाजी, पाणी, सगळं. मग समोर बसून, डोळ्यात बघून चूक सांगायची. ऐकणाऱ्याने फक्त "बरं" म्हणायचं आणि जेवायला लागायचं. वाद नाही, रडणं नाही, दुसऱ्या दिवशी तो विषय नाही. पोरी याला चुकांची पंगत म्हणायच्या. सर सांगायचे, "जिचं पोट भरायची तुमची तयारी नाही, तिची चूक काढायचा तुम्हाला अधिकार नाही."

आणि हे सरांनाही लागू होतं! आमची कॅप्टन शेवंता डोंगराकडच्या पाड्यावरची, कुणाला न भिणारी. एकदा तिने सरांचं ताट वाढलं आणि म्हणाली, "सर, आज चूक तुमनी शे. रंजनाच्या पायात गोळा आला होता तरी तुम्ही तिला पळवलं."

सर म्हणाले, "बरं." आणि खाली मान घालून जेवले. दुसऱ्या दिवशी रंजनाला सुट्टी.

एकदा सरांनी हात धुतले, ताट घेतलं आणि ते माझ्यासमोर आणून ठेवलं. "आक्का, आज वरणात मीठ दोनदा पडलंय." मी "बरं" म्हणाले. पण माझं लक्ष मिठाकडे नव्हतंच. एवढ्या आयुष्यात कुणी पुरुषमाणसाने मला ताट वाढून दिलेलं नव्हतं. सर म्हणाले, "आता तुम्ही माझी एक चूक सांगा." मी पदर तोंडाला लावून जी आत पळाले ती पोरी हसून हसून लोळेपर्यंत बाहेर आले नाही.

आता जळगावच्या फायनलचं सांगते. मी डबे घेऊन संघाबरोबर गेले होते. आमच्या पोरी अशा खेळल्या की समोरच्या संघाची माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. पूनमने पायाने चेंडू उडवला, छातीवर घेतला, एकदा तर आडवी पडून हातातल्या काठीच्या टोकाने काढला. मी डब्याचं झाकण वाजवत होते, मी! दोन्हीकडे एकेक गोल. शेवटचं मिनिट उरलं आणि समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, सरळ पूनमच्या तोंडासमोर. तिने मान वळवली. मागे फळी वाजली नाही, जाळी हलली. आम्ही हरलो.

पोरी गवतावर बसून रडत होत्या. एक पत्रकार सरांपुढे माइक घेऊन आला आणि विचारलं, "का हरलात?" सरांना पंगतीतल्यासारखं बोलायची सवय. ते तसेच बोलले. "कीपर घाबरली. घाबरून मान वळवली. कॅप्टनने दोनदा पास दिला नाही, एकटीने न्यायला गेली. माझं चुकलं ते असं की दमलेल्या पोरी मी बदलल्या नाहीत. आणि आमच्या संस्थेचं असं, की बुटांशिवाय मैदानात उतरू देत नाहीत म्हणून पोरींना बूट घरच्या पैशाने घ्यायला लावले, बिलं आणा म्हणाले, आणि वर्ष झालं तरी ते पैसे दिले नाहीत. आई-बाप कापूस वेचून पैसे देतात हो."

चौघांची चूक सांगितली, त्यात स्वतःचीही. पण मोबाइलवर फिरलं ते पहिलं वाक्य. "कीपर घाबरली" एवढंच कापून, खाली लिहिलेलं की कोचने मुलींचा अपमान केला. माझ्या नणंदेचा धुळ्याहून फोन आला, "वहिनी, तुनी पोर घाबरनी म्हणे?" पूनमने तो व्हिडिओ पाहिला आणि पॅड कोपऱ्यात फेकले. "रोज पंगतीत म्हणाले असते तर चाललं असतं. सगळ्या जिल्ह्यासमोर म्हणाले. मी नाही उभी राहणार गोलमध्ये." सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या फोनवर दिसतच नव्हतं काही.

संस्थेला मात्र बुटांचं वाक्यही कळलं होतं. तिसऱ्या दिवशी सचिव साहेबांनी सरांना बोलावलं. सर परत आले तेव्हा मी ओट्यावर भाजी निवडत होते. ते कुणाला उद्देशून नाही, असंच बोलले, "बुटांचं चुकून बोललो असं लिहून द्या म्हणतात, म्हणजे ठेवतात. नाहीतर मुलींचा अपमान केला म्हणून काढतात." मी वर पाहिलं तसे तेच पुढे म्हणाले, "लिहून कसं देणार? बूट तर पोरींच्या पायात आहेत."

मग साहेबांचा माणूस माझ्याकडे कागद घेऊन आला. कोचच्या बोलण्याने माझ्या मुलीला मानसिक त्रास झाला, असं त्यावर छापलेलं. खाली पूनमची सही आणि पालक म्हणून माझी. "रविवारी पालकांची सभा आहे, तिथे सगळ्यांसमोर सही करायची. तुमची नोकरी पण संस्थेतच आहे आक्का, विसरू नका," असं हसत म्हणून तो गेला. म्हणजे सरांचं राहणं आता माझ्या पोरीच्या सहीवर येऊन थांबलं होतं. आणि पोरगी खरंच दुखावलेली होती. कागदावर खोटं काही नव्हतं, हीच तर अडचण!

मी शेवंताला तिच्या मोबाइलवर तो व्हिडिओ सरांना दाखवायला लावला. त्यांनी दोनदा पाहिला. मग स्वयंपाकघरात आले, ताट मागितलं, स्वतः भाकरी घेतली, भरीत घेतलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि पूनमसमोर जाऊन बसले. ती भिंतीकडे तोंड करून होती.

"तू घाबरली होतीस," सर म्हणाले. "ते मी परत घेणार नाही, कारण ते खरं आहे आणि ते सुधारता येतं. पण ताट न वाढता बोललो. माइकसमोर बोललो, तुझ्यासमोर नाही. ही माझी चूक."

पूनम वळली. "बरं," म्हणाली आणि जेवायला लागली. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. ती उठली, दुसरं ताट वाढून सरांसमोर ठेवलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही मला फार दुखावलं."

"बरं," सर म्हणाले. दोघं समोरासमोर बसून जेवली आणि मी दाराआड उभी राहून घास मोजावेत तसे त्यांचे घास बघत होते.

रविवारची सभा! पटांगणात मंडप, पालक सगळीकडून आलेले, कोणी एसटीने, कोणी पिकअपमध्ये उभ्याने. सर शेवटच्या रांगेत. सचिव साहेब छान बोलले, मुली आमच्या लेकी आहेत, त्यांचा अपमान आम्ही सहन करणार नाही. मग पूनमला पुढे बोलावलं.

"बेटा, वाईट वाटलं ना तुला?"

"वाटलं."

"मग कर सही."

"वाईट वाटलं ते मी सरांना सांगून झालं, साहेब. ते संपलं. आता दुसरं सांगायचंय." आणि तिने शेवंताकडे पाहिलं. शेवंताने माझ्याकडे पाहून मान हलवली. नाश्त्याचे पोहे माझ्यापाशीच होते. मला कळलं त्यांच्या मनात काय आहे ते. मी बशी भरली, वर कोथिंबीर घातली, लिंबाची फोड ठेवली आणि एवढ्या माणसांतून चालत जाऊन शेवंताच्या हातात दिली.

शेवंताने ती साहेबांसमोर ठेवली, पाण्याचा ग्लास ठेवला. साहेब खूश झाले. "अरे वा! किती संस्कारी मुली!" म्हणाले आणि पहिला घास तोंडात घातला. तेवढ्यात शेवंता समोर मांडी घालून बसली आणि त्यांच्या डोळ्यात बघून म्हणाली, "साहेब, आमच्या बुटांचे पैसे तुम्ही वर्षभर दिले नाहीत. ही तुमची चूक आहे."

साहेबांचा घास तोंडातच राहिला.

"साहेब," शेवंता हळूच म्हणाली, "आता फक्त बरं म्हणायचं असतं."

मागून एक म्हातारे बाबा ओरडले, "खरं बोलनी पोर! बठ्ठं खरं शे!" मग जो हशा उठला! पालक उभे राहिले, बायका टाळ्या वाजवू लागल्या, निम्म्या लोकांचे मोबाइल वर. साहेबांना ठसका लागला. पाणी पिऊन ते कसेबसे म्हणाले, "बरं, बरं. संस्था विचार करेल." तो कागद कोणी सहीसाठी पुढे केला नाही. हा व्हिडिओ मात्र कोणी कापला नाही, पुरा फिरला.

पुढच्या महिन्यात अमळनेरला सामने झाले. पूनमच्या तोंडासमोर तसाच चेंडू आला. तिने डोळे उघडे ठेवले आणि तो हाताने बाहेर काढला. आम्ही जिंकलो! सर तेव्हाही मैदानाकडे पाठ करून उभे होते. टाळ्यांच्या आवाजातून त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

आम्हाला वाटलं, सगळं मिटलं. पण महिनाअखेरीस पत्र आलं. सरांच्या नेमणुकीची मुदत संपली, वाढवता येत नाही, सेवेबद्दल संस्था आभारी आहे, खोली रिकामी करावी. अपमानाचा शब्द नाही, बुटांचा शब्द नाही. सरांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि ऑफिसात निरोप पाठवला, "शेवटच्या पोरीच्या हातात बुटांचे पैसे पडले की त्याच दिवशी खोली सोडतो."

वर्षभर जे झालं नाही ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. कारकून पाकिटं घेऊन वसतिगृहात हजर! आणि इथे पोरींनी गंमत केली. कोणी पैसे घेईना. एकीला एकाएकी ताप आला, एक न्हाणीघरातून बाहेर येईना, रंजना ज्वारीच्या पोत्यांमागे जाऊन बसली. कारकून कपाळावर हात मारून म्हणाला, "वर्षभर मागत होतात, आता देतोय तर पळता कशाला?" त्याला काय माहीत, पाकीट घेतलं की सर जाणार. चार दिवस त्याने फेऱ्या मारल्या. शेवटी सरांनीच पोरींना रागावून एकेकीला पुढे केलं. पूनम तेवढी राहिली. ती पॅड बांधून गोलमध्ये उभी होती, म्हणे पॅड काढायला वेळ लागतो.

कारकून माझ्याकडे आला, पालक म्हणून सही चालेल म्हणाला. मी हात मागे घेतले. सर मैदानावरून लंगडत आले.

"घ्या आक्का."

"मी घेतले तर तुम्ही जाल," मी म्हणाले. सरांशी माझं एवढं लांब बोलणं हे पहिलंच.

"माझं जाणं ठरलंय. शिरपूरकडे डोंगरात एक शाळा आहे, तिथे बोलणं झालंय. पैसे मिळतात की नाही, तेवढंच ठरायचं राहिलंय. ते तुम्ही सुट्टीच्या दिवशी कापूस वेचून दिलेत, आक्का. सोडू नका."

मी सही केली, पाकीट उघडलं आणि सरांच्या समोर नोटा मोजल्या. पैसे सगळे होते, पावतीवर लिहिलेले तेवढे, पुरे.